मोटारीचा सातबारा



बैल विकत घ्यायचा झाला तर आपल्याकडचा जाणता कास्तकार काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग हळूच विचारतो, "कोणाच्या दावणीचा आहे जी?" दावण कळली की बैल निम्मा कळला. शेत घ्यायचे झाले तर तो तलाठ्याकडे जातो, सातबारा काढतो, फेरफार वाचून घेतो, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढला आहे काय ते पाहतो. पण हाच माणूस जुनी फटफटी, जुनी जीप किंवा जुना ट्रॅक्टर घेताना मात्र दोन कप चहात व्यवहार उरकतो. पैसे मोजले, किल्ली हाती आली, म्हणजे गाडी आपली झाली, असे आपण धरून चालतो.

ती खरोखर आपली झालेली असते काय? आणि आपल्या आधी ती कुणाकुणाची होती? या दोन प्रश्नांविषयी आज बोलायचे आहे. विषय थोडा कोरडा वाटेल. म्हणून तो एका मोटारीच्याच आधाराने सांगतो. या मोटारीचा माग काढता काढता मला इतिहास म्हणजे काय, हे नव्याने शिकावे लागले. वास्तविक मी महाविद्यालयात इतिहासच शिकवतो!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीआधी एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी बापूजींची मोटर आहे. तुम्ही एकदा पाहायला या."

आता, वर्धा जिल्ह्यात हे वाक्य काही नवे नाही. कुणाच्या घरी बापूंनी पाणी प्यायलेला तांब्या असतो, कुणाकडे ते बसलेली सतरंजी असते. यांतल्या काही वस्तू खऱ्या असतात, काही भक्तीने खऱ्या झालेल्या असतात. पण मोटार मी प्रथमच ऐकत होतो. गेलो.

गाव यशोदा नदीच्या काठी. घर साधे, दोन खणांचे. मागे टिनाचा गोठा, आणि गोठ्यात गाईच्या शेजारी, गव्हाणीला टेकून, मोटार उभी. हुडाचे कापड उंदरांनी कुरतडलेले, मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. समोरच्या जाळीवर निळ्या लंबगोलातली "फोर्ड" ही अक्षरे मात्र कुणीतरी परवाच चिंचेने घासल्यासारखी स्वच्छ होती.

विद्यार्थ्याची आजी बाहेर आली. सत्तरीची बाई. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्यांनी पदराच्या गाठीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाल्या, "सर, तुमी यावर फक्त सही करून द्या."

कागद टंकलिखित होता. एक व्यापारी येऊन गेला होता आणि त्यानेच तो ठेवून दिला होता. गाडी जशी आहे तशी घेतली तर एक भाव, आणि "ही महात्मा गांधींची गाडी" असे कुणा प्राध्यापकाने लिहून दिले तर त्याच्या चौपट भाव, असा त्याचा सौदा. कागदात लिहिले होते की, सन १९४७च्या उन्हाळ्यात महात्माजींना वर्धा स्टेशनावरून सेवाग्राम आश्रमात याच गाडीतून नेण्यात आले. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. मावशींना पैशाची गरज होती. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती.

श्रोतेहो, सही करायला माझे काय जात होते? पण पहिल्याच ओळीला मी अडलो. गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्रामहून दिल्लीला गेले, ते परत सेवाग्रामला आलेच नाहीत. नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली असा त्यांचा पुढचा प्रवास झाला आणि ३० जानेवारी १९४८ला तो संपला. तेव्हा १९४७च्या उन्हाळ्यात वर्धा स्टेशनावर त्यांना घ्यायला कोणतीच मोटार गेली असणे शक्य नव्हते.

मी मावशींना एवढेच म्हणालो, "मावशी, मला एक महिना द्या. गाडी कुणाची ते शोधू, मग सहीचे पाहू." त्या म्हणाल्या, "शोधा जी. खरी निघाली त बरंच हाय."

सुरुवात गाडीपासूनच केली. वस्तू बोलत नाही असे आपण म्हणतो. पण तिच्या अंगावर बरेच काही लिहिलेले असते. मागच्या मडगार्डवरच्या रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले, तेव्हा पांढऱ्या रंगातली दोन अक्षरे दिसली : सी. पी. त्यापुढचे आकडे पुसले गेले होते. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपला जुना मध्यप्रांत. २६ जानेवारी १९५०ला मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचे मध्यप्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ला आपला वर्धा जिल्हा विदर्भासह मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले. गाडी गोठ्यातून हलली नाही, तरी तिच्या चाकांखालचे राज्य तीनदा बदलले! आज वर्ध्याच्या गाड्यांवर एम. एच. ३२ असते. तेव्हा ही दोन पुसट अक्षरे पाहूनच सांगता येत होते की, ही पाटी १९५०च्या आधीची आहे.

अशा अक्षरांचे मोल केवढे असते याचे एक मोठे उदाहरण देतो. कलकत्त्याला नेताजी भवनात एक वाँडरर मोटार जपून ठेवली आहे. १९४१च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेच्या मधल्या रात्री, सुभाषबाबू नजरकैदेतून निसटले ते याच गाडीतून. पुतणे शिशिरकुमार बोस यांनी ती गोमोह स्टेशनापर्यंत चालवत नेली. तिचा क्रमांक बी. एल. ए. ७१६९. यातले बी. एल. म्हणजे बंगाल. ही गाडी त्याच घराण्याकडे राहिली, चालवणाऱ्याने स्वतः हकीगत सांगितली, क्रमांक जुळतो, जागा जुळते, तारीख जुळते. म्हणून तिच्याविषयी कुणाला शंका घ्यावीशी वाटत नाही. साखळीची एक एक कडी हाताला लागते.

आमच्या गाडीची पहिली कडी तेवढी लागली होती. दुसरी कडी गाडीच्या घडणीत होती. वर्ध्याच्या एका जुन्या मिस्त्रीला मी सोबत नेले. त्याने पाहताच सांगितले, "मॉडेल ए. आता दिसत नाही साहेब." फोर्ड कंपनीची ही गाडी १९२७च्या अखेरीस निघाली आणि १९३१पर्यंत मुख्यतः तिचे उत्पादन चालले. म्हणजे गाडीचे वयही कळले. त्या काळी आपल्याकडे येणाऱ्या फोर्ड मोटारी अमेरिकेतून नव्हे, तर कॅनडाच्या कारखान्यातून येत. कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा व्यापार कॅनडाच्या कंपनीकडे होता. तिनेच १९२६ साली हिंदुस्थानात आपली शाखा काढली. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे खोक्यांतून आलेले भाग जोडून गाड्या तयार होत. कॅनडातल्या मॉडेल ए गाडीच्या क्रमांकाआधी सी. ए. ही अक्षरे असतात.

मिस्त्रीने इंजिनाच्या डाव्या अंगावरची काजळी पुसली आणि क्रमांक वाचला. तो मी वहीत उतरवून घेतला.

आता कागद शोधायचे होते. मावशींकडे कागद एकही नव्हता. एका कार्यालयात विचारले, तेव्हा त्या काळातल्या नोंदवहीची वाळवीने चाळणी केलेली पाहायला मिळाली. मग मी गावातल्या मालगुजारांच्या वाड्याकडे वळलो. मावशी सांगत होत्या की, पहिल्यांदा मोटार वाड्यावरच होती. वाड्यात आता एकच वृद्ध सूनबाई राहतात. त्यांनी माळ्यावरची पेटी उघडून दिली आणि दोन दिवस मी धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी एक विम्याचा दाखला सापडला, १९४७ सालचा. हा योगायोग नव्हे. त्रयस्थ माणसाला अपघात झाला तर त्याला भरपाई मिळावी म्हणून १९३९च्या मोटार कायद्याने विमा सक्तीचा ठरवला होता, आणि ती सक्ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६पासून सुरू झाली. त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांत ज्यांच्याकडे मोटार होती, त्यांच्या घरच्या पेटीत असा दाखला सापडण्याचा संभव बराच असतो. दाखल्यावर मालगुजारांचे नाव होते, गाडीचे वर्णन होते आणि क्रमांक होता.

पण क्रमांक जुळेना! दाखल्यावर एक, इंजिनावर दुसराच. माझा चेहरा पडला. मिस्त्री मात्र हसला. म्हणाला, "साहेब, इंजिन बदललं असंल. चासी पाहू." या गाडीत इंजिनावरचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असतो, पण तो वरच्या सांगाड्याखाली झाकला जातो. चार माणसे लावून समोरचा भाग वीतभर उचलला, टॉर्च धरला, तारेच्या ब्रशने गंज काढला. एक एक आकडा उमटत गेला. तो दाखल्यावरच्या क्रमांकाशी शेवटपर्यंत जुळला. गोठ्यात उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे गाडी वाड्याचीच. इंजिन तेवढे मागून कुठल्यातरी भंगारातून आलेले.

इथे एक गंमतीचा प्रश्न उभा राहतो. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा बाबांनी बदलला, पाते मुलाने बदलले. मग ती कुऱ्हाड आजोबांचीच काय? हा प्रश्न इंग्लंडात थेट न्यायालयात गेला होता. बेंटली कंपनीच्या एका शर्यतीच्या मोटारीने १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिचे बरेचसे भाग बदलले. १९९०मध्ये तिच्या विक्रीचा एक कोटी पौंडांचा करार मोडला आणि खटला उभा राहिला : हीच ती गाडी की दुसरी? न्यायाधीशांनी निकाल दिला की, मूळचे भाग फारसे उरले नसले तरी गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून ती तीच गाडी. गाडीची ओळख लोखंडात जेवढी असते, तितकीच तिच्या अखंड इतिहासात असते, असा याचा अर्थ.

आमच्या गाडीचा इतिहास अखंड होता काय? १९४७पर्यंत ती वाड्यावर होती, एवढे सिद्ध झाले. पण मग "बापूंची मोटर" ही गोष्ट आली कुठून? सगळे गाव एकमुखाने खोटे बोलत नसते.

याचे उत्तर मला गावातल्या आबाजींकडे मिळाले. वय नव्वदीच्या घरात, नजर मंद, पण आठवण खणखणीत. ते म्हणाले, "म्या पाह्यली ना जी मोटर. तिले बैलं जुपले होते. समोर बसले होते टोपीवाले."

मोटारीला बैल! हे ऐकताच माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्ध्याच्या इतिहासात बैल जुंपलेली एक फोर्ड मोटार खरोखरच होऊन गेली आहे. ती होती जमनालालजी बजाज यांची. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. याच शेगावचे नाव पुढे १९४०मध्ये सेवाग्राम झाले. वर्ध्यापासून हे गाव पाच मैल, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. देशोदेशीचे पाहुणे या आडगावी येऊ लागले. तेव्हा जमनालालजींच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती या रस्त्यावर चालवीत. इंग्रजीत ऑक्स म्हणजे बैल आणि मोटार फोर्डची. म्हणून तिला विनोदाने "ऑक्सफर्ड" म्हणत. विलायतेतल्या ऑक्सफर्डला शिकून आलेल्या थोरामोठ्यांनाही वर्ध्याच्या या ऑक्सफर्डची गंमत वाटत असे. ग्रामोद्योगाच्या त्या वातावरणात ही गाडी म्हणजे चालता बोलता धडाच होता : परदेशी यंत्र थांबले तरी आपला बैल थांबत नाही.

या ऑक्सफर्डची कीर्ती साऱ्या जिल्ह्यात पसरली होती. आणि त्याच सुमारास, महायुद्धाच्या काळात, १९४१पासून पेट्रोलवर नियंत्रण आले. कुपनाशिवाय पेट्रोल मिळेना. शहरांत काही मोटारींच्या मागे कोळशाच्या वायूची टाकी बसवली गेली. खेड्यात कुठली टाकी आणि कुठला वायू? महिन्याची कुपने संपली की आमच्या गावच्या मालगुजारांनीही मोटारीला बैल जुंपले. वाड्याच्या हिशेबवहीत त्या वर्षांच्या पानांवर "मोटारीच्या जुवासाठी दोर" असा खर्चच टाकलेला मला सापडला.

आबाजी तेव्हा सहा-सात वर्षांचे पोर. त्यांनी बैल जुंपलेली मोटार पाहिली, हे खरे. बापू वर्ध्याला बैल जुंपलेली मोटार वापरतात, असे त्यांनी मोठ्यांकडून ऐकले, हेही त्या काळाला धरूनच होते. दोन खऱ्या गोष्टींची आठवणीत एक गाठ बसली आणि गाठीतून तिसरी गोष्ट तयार झाली. मी विचारले, "आबाजी, समोर बसलेल्यांच्या डोक्यावर टोपी होती?" "होती ना जी, पांढरीफेक." श्रोतेहो, जिला आपण गांधी टोपी म्हणतो, ती स्वतः गांधीजी त्या काळी घालत नव्हते. सेवाग्रामच्या कोणत्याही चित्रात पाहा, ते बोडकेच दिसतील, फार तर उन्हाने डोक्यावर ओला फडका घेतलेले. टोपीवाले होते ते मालगुजारच.

इथे माझा शोध संपायला हरकत नव्हती. "गांधीजींचा संबंध नाही" असे लिहून मी मोकळा झालो असतो. पण मग मनात आले, मालगुजारांची गाडी मावशींच्या गोठ्यात आली कशी?

मध्यप्रदेश सरकारच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ला आपल्याकडे तिचा अंमल संपला. वाड्यावरची घोडी विकली गेली, दमणी विकली गेली, मोटारही विकली गेली. हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याने ती घेतली. पेटीत त्याची पावतीही निघाली, साध्या कागदावर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. त्या व्यापाऱ्याकडे मावशींचे वडील ड्रायव्हर होते. पुढे धंदा बसला, तीन वर्षांचा पगार थकला. तेव्हा मालक म्हणाला, "पैसे नाहीत, ही मोटर घेऊन जा." ड्रायव्हर मोटार घेऊन गावी आला. कागद नाही, पावती नाही, फक्त शब्द.

आणि त्यानंतर त्या गाडीचे खरे आयुष्य सुरू झाले. गावात दुसरे वाहन नव्हते. कुणाला साप चावला, कुणी विहिरीत पडला, कुणी बाई अडली, की रात्री-बेरात्री ड्रायव्हरच्या दाराची कडी वाजे आणि मोटार सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे निघे. भाडे कुणी दिले तर दिले, नाही दिले तर ज्वारीच्या दाण्यांवर भागे. यशोदेला पूर असला तर काठावर थांबायचे. अशाच एका थांबलेल्या रात्री त्या मागच्या गादीवर एका मुलीचा जन्म झाला. ती बाई आज साठीची आहे. ती मला स्वतः येऊन भेटली आणि म्हणाली, "सर, बापूजी बसले का नाई मले ठाऊक नाई. पण मी मात्र याच गाडीत जन्मली."

मी वहीत रकाने आखले होते : साल, मालक, गाडी कशी मिळाली, पुरावा काय. त्यांत हे कुठल्या रकान्यात लिहावे, मला सुचेना. मालकांची यादी म्हणजे गाडीचा इतिहास, असे मी समजत होतो. पण मालक तिघेच. ज्यांनी ती वापरली, ओढली, दुरुस्त केली, ज्यांचे जीव तिने वाचवले, ते शेकडो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, तसा पिकांचाही रकाना असतो. शेत कुणाचे एवढ्यावर न थांबता त्यात काय पिकले, हेही आपण विचारतो. मोटारीलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

महिना संपला. मी मावशींकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे सही नाई होत." मी म्हणालो, "नाही होत, मावशी." खरे बोलल्याचे समाधान मला मिळाले, त्याची किंमत मात्र त्या घराने दिली. नातीची फी कर्ज काढून भरावी लागली. हे मला विसरता येत नाही आणि विसरूही नये.

पुढे आणखी एक कसोटी आली. गाडी विकायची म्हटली तरी ती मावशींची आहे, याला कागद कुठे होता? कायद्याच्या दृष्टीने ती अजून त्या व्यापाऱ्याच्या घराण्याकडे, किंबहुना वाड्याकडे, दाखवता आली असती. आता तिला किंमत आली होती. आम्ही हिंगणघाटला व्यापाऱ्याच्या नातवाकडे गेलो, तेव्हा वाटेत मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. नातवाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजोबा मरेपर्यंत सांगत होते, ड्रायव्हरचा पगार बुडवला नाही, मोटार दिली. आम्ही ती परत मागितली तर त्यांचा पगार बुडवल्यासारखंच होईल." त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिले. वाड्याच्या सूनबाईंनीही दिले. शब्दावर दिलेल्या वस्तूला इतक्या वर्षांनी कागद मिळाला. माणसे चांगली निघाली म्हणून मिळाला. पण प्रत्येकाला अशी माणसे भेटतीलच, असे नाही.

म्हणून आता थोडे कायद्याचे बोलतो. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर यांचे व्यवहार आज गावोगाव होतात. पुष्कळदा विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो आणि गाडी हातोहात चार जणांकडे फिरते. मग अपघात होतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ला अशाच प्रकरणात निर्णय दिला. गाडी एकाने विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. पण नोंदणीत नाव पहिल्याचेच राहिले. न्यायालय म्हणाले, नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याने ती गाडी केव्हाच विकली होती, त्याच्या डोक्यावर हे ओझे आले. गाडी दिली, पैसे घेतले, म्हणून आपण सुटलो, असे समजू नका.

मग काय करावे? गाडी घेताना नोंदणीच्या पुस्तिकेवरचे किंवा कार्डावरचे नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे काय, ते पाहा. आपला विकणारा कितवा मालक, हेही त्यावर असते. चासीचा क्रमांक स्वतः वाचा. कागद धरून वर पेन्सिल घासली की आकडे उमटतात. शेतावर बोजा असतो तसा गाडीवर बँकेचा बोजा असतो. तो फेडल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मागा. विकताना फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, तारीख घालून सही करा. कोऱ्या कागदावर कधीही नको. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये वेगळी नोंदणी सुरू केली आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, क्रमांकात व्ही. ए. ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने चालवता येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. असा शोध शाळेतल्या मुलांकडूनही करवून घेता येतो. मोटारच हवी असे नाही. गावातली जुनी विहीर, जुने शिवणयंत्र, जुना रेडिओ, देवळातली घंटा, काहीही चालेल. वहीत चार रकाने आखू द्या : साल, कुणाकडे, कसे आले, पुरावा काय. पहिल्यांदा वस्तू पाहायची, मग कागद शोधायचे, मग म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, आणि शेवटी तिन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे. जे सापडले नाही तो रकाना रिकामा ठेवू द्या. रिकाम्या रकान्याची लाज वाटायचे कारण नाही. तो खोट्याने भरला तर मात्र लाज वाटायला हवी. आणि पाचवा एक रकाना जरूर ठेवा : या वस्तूचा उपयोग कुणाकुणाला झाला? माझ्या वहीत तो नव्हता. त्या बाईने सांगितल्यावर मी तो जोडला.

मोटार अजून गोठ्यातच आहे. कोंबडी आता दुसरीकडे बसते. नात नर्स झाली आणि तिनेच कर्ज फेडले. तो व्यापारी मध्ये एकदा पुन्हा येऊन गेला. मावशींनी त्याला माझी वही दाखवली : मालगुजार, कापसाचे व्यापारी, ड्रायव्हर, आणि खाली त्या गाडीतून दवाखान्यात गेलेल्यांची, गावाने आठवून आठवून सांगितलेली नावे. तो म्हणाला, "यात बापूजी कुठे आहेत?"

मावशी म्हणाल्या, "नाई जी. आमच्या मोटरीत गावचेच लोक बसले. घ्याची असंल त हेच सांगून इकीन."